बाल्दोची वाइन

बाल्दोनं कॉफीचा शेवटचा घोट घेतला, मिशीवरून मनगट फिरवलं आणि “झकास झालीय, ताई” असं म्हणून तो बूट घालायला बाहेरच्या खोलीत गेला. ओर्सुलानं कप विसळायला उचलला तेव्हा तिचं लक्ष ओट्यावर गेलं. साखरेच्या डब्याचं झाकण घट्ट बंद होतं आणि चमचा मिठाच्या बरणीत उभा होता. दोन चमचे घातले होते तिनं, शिगोशीग. आज शुक्रवार. शुक्रवारी ती दिवसभर पाव आणि पाण्यावर असते, म्हणून स्वतःसाठी कॉफी ओतली नव्हती. नाहीतर पहिल्याच घोटाला कळलं असतं. चौथ्या मजल्याखाली कचऱ्याची गाडी मागे मागे जात होती, समोरच्या गॅलरीत कुणीतरी चादर झटकत होतं, स्प्लिटमधली रोजचीच सकाळ होती. आणि तिचा भाऊ, जो एकेकाळी डोळे मिटून सांगायचा की ही द्राक्षं उताराच्या वरच्या अंगाची की समुद्राकडची, तो मिठाची कॉफी पिऊन झकास म्हणून गेला होता. आधी तिला वाटलं, चेष्टा करतोय. लहानपणी करायचाच. पण बाहेर तो शीळ घालत नाड्या बांधत होता, आणि शीळ घालताना बाल्दोला चेष्टा जमत नाही हे तिला पासष्ट वर्षांपासून ठाऊक होतं.

काल दुपारी तो इस्पितळात काहीतरी नेहमीची तपासणी आहे म्हणून शहरात आला होता. रात्री तिच्याकडे झोपला आणि सकाळी उठल्या उठल्या म्हणाला, “चल गावाला. थांबत थांबत जाऊ, समुद्राच्या कडेनं. दिवस जाईल. उद्या बसनं परत ये.” मारे गेली, बाल्दोची बायको, तिच्या मातीला ओर्सुला गेली होती, त्यानंतर सहा वर्षं तिचं पाऊल गावात पडलं नव्हतं. का हो म्हटलं तिचं तिलाच कळलं नव्हतं. आता कप नळाखाली धरून ती उभी राहिली, आणि कळलं नाही तरी जायला हवं असं तिला वाटलं.

ओमिशच्या पुढे रस्ता कड्याला चिकटतो आणि समुद्र एकदम उजव्या खिडकीत येऊन बसतो. ऑक्टोबरचं ऊन होतं, पाणी इतकं स्वच्छ की वरून तळाचे धोंडे दिसावेत. ओर्सुलाच्या मांडीवर जपमाळ होती. रोजच्या पन्नास मण्यांतले वीस झाले होते.

“बाल्दो, कॉफीत साखर कमी होती का रे?”

“बरोबर होती.”

“मी मीठ घातलं होतं.”

त्यानं एक वळण घेतलं, मग दुसरं. समोरून येणाऱ्या बसला वाट दिली.

“किती?”

“दोन चमचे.”

“अरे देवा. म्हणजे डॉक्टरांनी रक्तदाब सांभाळा म्हटलं, ते तुला कळवलं नव्हतं वाटतं.” तो हसला, पण हसणं अर्ध्यात राहिलं. “दोन वर्षं झाली, ताई. साथीत ताप आला होता ना, तेव्हा गेली ती गेली. वास नाही, चव नाही. काल तिसऱ्यांदा दाखवलं. म्हणे आता येईल असं वाटत नाही. तरुण पोरगी होती डॉक्टर. मला म्हणते, काका, तुमचा व्यवसाय काय?”

“मग?”

“मग काय, सांगितलं, सुतार आहे.”

ओर्सुलानं माळ मुठीत घेतली. तो पुढे बोलत राहिला, रस्त्याकडे बघत. समोरासमोर बसून हे त्याला जमलं नसतं. गावात कुणाला सांगितलेलं नाही. दोन हंगाम त्यानं असेच काढले, सवयीवर, रंगावर, बोटांना लागणाऱ्या चिकटपणावर. तळघरात तीन पिपं आहेत. बहिऱ्यानं चर्चची घंटा वाजवावी तशी केलेली वाइन. सोमवारी झाग्रेबहून एक माणूस येणार आहे. त्याला मळा, तळघर, नाव, सगळंच हवंय. “वाइन चांगली असेल तर मी त्याला दारातूनच परत पाठवीन. बिघडली असेल तर देऊन टाकीन. नाव बुडवून मळा धरून ठेवण्यात काय अर्थ? पण हे मला कळणार कसं? दुसऱ्या कुणाला चाखायला दिली की संध्याकाळपर्यंत अख्ख्या द्वीपकल्पाला कळेल, बाल्दोची जीभ मेली. आमच्या घरात जीभ दोघांनाच होती. माझी गेली. आज तू चाख आणि खरं काय ते सांग. बस, एवढ्यासाठी आणतोय तुला.”

तिनं मुठीतली माळ मांडीवर ठेवली.

“अजून राग आहे मळ्याचा?”

“कसला राग,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहू लागली.

बत्तीस वर्षं ओर्सुलानं वाइनचा थेंब तोंडाला लावला नव्हता. बाल्दोला हे माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. ते देवाखेरीज एकाच माणसाला माहीत होतं. एक्याण्णवच्या नोव्हेंबरात, युद्ध चालू असताना, बाल्दो स्तोनच्या वरच्या दगडी बांधामागे बंदूक घेऊन पडला होता, आणि ती इकडे शहरात, कारखान्यातल्या नकाशांच्या ऑफिसातून सुटून, रेडिओवर कुठल्या गावाचं नाव येतं ते ऐकत घरी येत होती. एका संध्याकाळी स्तोनचं नाव आलं. ती तशीच, हातात भाजीची पिशवी घेऊन, वाटेतल्या चर्चमध्ये शिरली आणि गुडघ्यांवर बसून नवस बोलली: तो जिवंत परत येऊ दे, मी मरेपर्यंत शिवणार नाही. तो परत आला. आईनं लहानपणी शिकवलं होतं की ज्याच्यासाठी नवस केला त्याला तो कधी सांगू नये, सांगितला की त्याचा सौदा होतो. म्हणून तिनं सांगितलं नाही. तीन वर्षांनी बाल्दोचं लग्न झालं. लांबच लांब टेबलं, त्याच्या पहिल्या चांगल्या वर्षाची वाइन, सगळे पेले वर गेले आणि वराच्या थोरल्या बहिणीनं पाण्याचा पेला उचलला. पाण्यानं शुभेच्छा म्हणजे त्यांच्याकडे शाप. टेबलाच्या त्या टोकापर्यंत शांतता पसरत गेलेली तिला दिसली होती. मारेनं मान खाली घातली. बाल्दोनं तिच्या डोळ्यांत पाहिलं आणि स्वतःचा पेला एका दमात रिकामा केला. तेव्हापासून दर नाताळला न चुकता त्याच्याकडून सहा बाटल्या येत, वर्ष लिहिलेल्या, सोबत चिठ्ठी नाही. ती त्या पिशवीत घालून चर्चला नेऊन देई. रविवारी पाद्री वेदीवर पेला उंच धरत तेव्हा ती मान खाली घालून बसे आणि तिच्या मनात यायचं, कोणतं वर्ष असेल हे.

माकार्स्काला ते थांबले. पामच्या झाडांच्या ओळीखाली मोसम संपल्यावरची सैल शांतता होती, खुर्च्या एकावर एक रचून साखळीनं बांधलेल्या. बाल्दोनं कॉफी मागवली आणि वेटरला म्हणाला, “साखर घाल, मीठ घाल, आमच्याकडे सगळं चालतं.” वेटरला काही कळलं नाही. ओर्सुलाला हसू आलं, आणि हसताना आठवलं की ती दोघं इथं पूर्वी एकदा आली होती, वडिलांबरोबर, बोटीनं, पिपं विकायला. तिनं निळा फ्रॉक घातला होता आणि बाल्दोनं धक्क्यावर आइस्क्रीम पाडून गळा काढला होता. वडिलांनी स्वतःचं त्याला दिलं. तिनं आपलं चाटत चाटत संपवलं आणि तिला कुणी काही विचारलं नाही. साठ वर्षांपूर्वीचं एवढंसं दुःख, पण आठवलं की अजून थंड लागतं.

जीभ तिची होती, बाल्दोची नंतर तयार झाली. नऊ वर्षांची असताना वडील तिला तळघरात नेत, काचेच्या नळीनं पिपातून दोन बोटं काढून पेल्यात सोडत, पाणी न घालता, आणि म्हणत, “सांग.” ती सांगे. हे डोंगराच्या डोक्याकडचं. यात पाऊस आहे. याला लाकूड लागलंय. वडील दार लावून घेत; मुलीला अशी जीभ आहे हे लोकांना कळू नये असं त्यांना वाटे की कळावं असं, ते तिला कधीच समजलं नाही. बोगदा तेव्हा नव्हता. डोंगर पोखरून गावानं वाट केली ती पुढे, ती शहरात गेल्यावर. तेव्हा समुद्राकडच्या उतारावरची द्राक्षं गाढवांवर लादून खिंडीवरून अलीकडे आणायची. उतार असा की खाली वाकलं की डोकं समुद्रात पडेल वाटावं. ती पुढे, गाढवं मध्ये, बाल्दो मागे रडत. वर खिंडीत पोचलं की वारा घामावर बसे आणि वडील एक घड तिच्या हातात देत. गोड नव्हे, दाट. उन्हाची साय खाल्ल्यासारखं. एकदा असाच घड देताना ते म्हणाले, “तू मुलगा असतीस तर.” पुढचं काही बोलले नाहीत. पुढचं त्यांनी मरताना कागदावर लिहिलं: मळा बाल्दोला.

नेरेत्वा नदीच्या मुखाशी रस्त्याच्या दोन्ही अंगांना संत्र्यांचे ढीग लागले होते. बाल्दोनं एक पिशवी घेतली, गाडी चालवता चालवता एक सोललं. सालीचा फवारा उडाला आणि सगळी गाडी त्या वासानं भरून गेली, इतकी की ओर्सुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. बाल्दो निर्विकार चावत होता.

“कसं लागतं?”

“ओलं. थंड. बी लागली की कळतं.” त्यानं बी खिडकीबाहेर थुंकली. “सवय होते, ताई. भूक लागली की जेवतो. मारे असती तर म्हणाली असती, बरं झालं, आता तरी मिठाला नावं ठेवणार नाहीस.”

“माझ्यावर विश्वास कसा ठेवशील? इतकी वर्षं मी काही प्यायले नाही.”

“जीभ काय गंजते?”

“मी खोटं सांगितलं तर? राग आहे म्हणतोस ना.”

तो हसला. “तू खोटं बोलणार? अगं, तू तर आमच्या घरातली संतीण. तुझ्या मण्यांच्या आवाजानं रात्रभर झोप नाही आली मला. टक, टक, टक. वाटलं, भिंतीत कीड लागलीय.”

ती हसली नाही. द्वीपकल्पाकडे नेणाऱ्या पुलावर गाडी चढली तेव्हा खाली निळं, वर निळं आणि मध्ये पुलाच्या बारीक पांढऱ्या तारा. तिनं माळ पुन्हा हातात घेतली, पण शब्द पुढे सरकेनात. सात वर्षांपूर्वी तिनं हा नवस पापनिवेदनात सांगितला होता. म्हातारे फादर वियेको जाळीपलीकडून म्हणाले, “खासगी नवस आहे. मला अधिकार आहे, अर्ध्या मिनिटात उतरवतो. त्याऐवजी दुसरं काही करशील. उतरवू?” आणि तिच्या तोंडून पटकन “नको” गेलं. इतकं पटकन, की जाळीपलीकडचा श्वास थांबला. “मग तो देवासाठी नसेल, बाई,” फादर म्हणाले, रागानं नव्हे, जसं एखादा म्हातारा डॉक्टर हाडावर बोट ठेवतो तसं. ती घरी येऊन दोन दिवस जेवली नव्हती. नंतर हळूहळू त्या बोटाची जागा बुजली. आता ती पुन्हा ठणकत होती. मटण सोडता आलं असतं. कॉफी सोडता आली असती. केस देता आले असते, पायी अनवाणी जाता आलं असतं, सगळे जे करतात ते. त्या संध्याकाळी भाजीची पिशवी जमिनीवर ठेवून ती जे बोलली त्यात एक शब्द असा होता जो तिनं फादरनाही सांगितला नव्हता.

स्तोनला तेरेझाच्या टपरीपाशी बाल्दोनं सहा कालवं मागवली. तेरेझा त्याच्या शाळेतली, सुरी फिरवत बोलणारी.

“लिंबू नको? बाल्दो, तुला झालंय काय? आणि ही कोण, ओर्सुला ना गं तू? एवढी वाळलीस! घे, दोन घे.”

“मला शुक्रवार आहे.”

“अगं शुक्रवारी मटण नको, हे समुद्रातलं चालतं, पोपला विचार!”

“माझा शुक्रवार जरा कडक आहे.”

“असू दे, असू दे. दोघांपैकी एकानं स्वर्गात जायलाच हवं, म्हणजे दुसऱ्यासाठी दार उघडं ठेवता येईल,” तेरेझा म्हणाली आणि खदखदून हसली. बाल्दोनं सहाही कालवं एकामागून एक गिळली, मोठ्यानं “वा” म्हणत, तेरेझा बघत होती म्हणून. ओर्सुलाला ते बघवेना. तो म्हणाला होता, सवय होते; पण या “वा”ची कशी सवय झाली असेल, दोन वर्षं, रोज, प्रत्येक ताटावर. तिला एकदम जाणवलं की तिच्या भावानंही एक कडक व्रत धरलंय, तेही कुणाला न सांगता.

पुढचा रस्ता द्वीपकल्पाच्या पाठीवरून, दोन्हीकडे मळे, पानं तांबूस झालेली, मधूनच एखादी वेल तर लालभडक, अंगात ताप असल्यासारखी. बोगद्यातून बाहेर पडल्यावर उतार तसाच अंगावर आला, आणि खाली समुद्र, आणि संध्याकाळचं ऊन. बाल्दोनं मुद्दाम गाडी हळू केली.

बोगद्यातून मागे वळून ते गावात आले. तळघराचं दार त्याच्या खांद्यानंच उघडलं. आत गार, ओलसर, आणि तो वास. तिला चौकट धरावी लागली. बाल्दोनं दिवा लावला, पहिल्या पिपाचं बूच काढलं, काचेची नळी आत सोडली. पेल्यात पडलं ते जवळजवळ काळं होतं.

“घे. आणि हे बघ, गिळायला हवं असं नाही. चाखणारे चाखून थुंकतातच. पिणं नव्हे ते.”

तोच विचार तिचा पुलाच्या अलीकडेच करून झाला होता. देव काही जकात नाक्यावरचा शिपाई नव्हे. तिनं पेला घेतला आणि शेजारच्या फळीवर ठेवला.

“बाल्दो, बस.” तो पालथ्या खोक्यावर बसला. मग तिनं सांगितलं. स्तोनचं नाव, भाजीची पिशवी, नवस. आवाज न चढवता, जसं ती रोज देवाशी बोलते तसं.

बाल्दो हसेल असं तिला वाटलं होतं. तो हसला नाही. त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला.

“कोणत्या दिवशी?”

“नोव्हेंबरचा दुसरा बुधवार. संध्याकाळी.”

त्याच संध्याकाळी त्या बांधामागे त्याच्यापासून दोन हातांवर एक तोफगोळा पडला आणि फुटला नाही, ही गोष्ट तो तीस वर्षं प्रत्येक लग्नात सांगत आला होता. शेवटी म्हणायचा, माल हलका होता. आता त्यानं ती सांगितली नाही. उठून त्यानं फळीवरच्या पेल्यावर आपला पंजा झाकण ठेवावं तसा ठेवला.

“नको. राहू दे. सोमवारी तो येईल, घेऊन जाईल. वाइनचं काय एवढं. ताई, मला अजून मरायचं नाहीये.”

जन्मभर तिच्या मण्यांची चेष्टा करणारा तो माणूस खरंच घाबरला होता. तिला वाटलं, इथंच थांबावं. किती सोपं होतं. तो तिचा ऋणी झाला असता, मळा गेला असता, नवस शाबूत राहिला असता, आणि ती उद्याच्या बसनं स्वच्छ हातांनी परत गेली असती.

“अजून एक राहिलंय,” ती म्हणाली. “मी देवाला ‘वाइन शिवणार नाही’ असं म्हटलं नव्हतं. ‘बाल्दोची वाइन’ म्हटलं. आणि ते म्हणताना, तू तिकडे मरणाच्या दारात असताना, मला आतून बरं वाटलं होतं. आतापर्यंत हे मी कुणाला सांगितलेलं नाही.”

बाहेर समुद्राकडून वारा आला आणि दार हललं.

“मला माहीत होतं,” बाल्दो म्हणाला. “लग्नात. पाणी प्यालीस त्याचं नाही वाटलं. पिताना तुझ्या तोंडावर जे होतं त्याचं वाटलं.” मग, वेगळ्याच आवाजात: “आणि मी पाठवत होतो त्या बाटल्या?”

“चर्चला देत होते. वेदीसाठी.”

“सगळ्या?”

“सगळ्या.”

“म्हणजे तीस वर्षं देव माझी वाइन पितोय आणि बहीण नाही?” त्याला हसू आलं का रडू, त्या दिव्याच्या उजेडात कळेना. “त्यानं तरी कधी कळवायचं की कशी झालीय.”

ओर्सुलानं त्याच्या पंजाची बोटं एकेक करून पेल्यावरून उचलली. ती जाड होती, भेगाळलेली, वडिलांसारखी. “तू परत आलास तेव्हाच ते फिटलं होतं,” ती म्हणाली. “त्यानंतरचं मी माझ्या हट्टानं धरलं. मोडण्याचं जे काही असेल ते माझ्या माथी, तुझ्या नाही.” तिनं कपाळाला, छातीला, दोन्ही खांद्यांना हात लावला, तो बघत असताना, आणि प्याली.

आधी फक्त गारवा. मग ती वाट बघत राहिली, वडिलांच्या वाइनची. तो चटका, ते सुकं अंजीर, घशाला धरणारा तो खरखरीत हट्ट. तो आलाच नाही. हे दुसरंच काही होतं. आधी सावकाश, मागे हटून उभं राहिल्यासारखं, मग दगडावरून ऊन उतरताना दगड जसा आतून ऊबदार राहतो तसं, त्यात वाऱ्यानं आणलेलं समुद्राचं काहीतरी, आणि मग कितीतरी वेळ नुसतंच थांबून राहिलेलं, न मागता. हा माणूस तिला माहीत नव्हता. तीस वर्षं तो दर नाताळला आपला एक एक हंगाम तिच्या दाराशी ठेवून जात होता आणि ती त्याला वडिलांचा लाडका मुलगा समजत होती. शेवटी, जिभेच्या अगदी कडेला, सुईच्या टोकाएवढी आंबट टोचणी.

“वर हवा लागलीय,” ती म्हणाली. “पीप काठोकाठ भरून घेत नाहीस.”

“मार्चपासून बूच काढलं नाही. हिंमत होत नव्हती.” त्यानं बूच हातात फिरवलं. “गेली का?”

“नाही. आजच भरून घे, म्हणजे थांबेल.” तिनं आणखी एक घोट घेतला. गिळला. “बाबांना अशी कधी जमली नाही.”

बाल्दो वळला आणि पिपाकडे तोंड करून उभा राहिला. खांदे हलत होते. तिनं त्याला हात लावला नाही. तिला माहीत होतं, लावला तर तो पुन्हा लहान होईल.

“सोमवारी त्या माणसाला काय सांगू?” शेवटी तो पाठमोराच म्हणाला.

“ते तुझं तू ठरव. मळा तुझा आहे.”

हे वाक्य ती आयुष्यात पहिल्यांदाच म्हणत होती, आणि म्हणून झाल्यावर तोंडात काहीच कडू उरलं नाही. पेल्यात तळाशी थोडी राहिली होती, ती तिनं संपवली. देवाला या वेळी तिनं काही कबूल केलं नाही. स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पेला पुढे केला.

“दुसरं उघड,” ती म्हणाली.